शिष्टाईचें नवें शास्त्र

मराठी माणसानें 'शिष्टाई' हा शब्द उच्चारला कीं त्याच्या मनांत पहिल्यानें कृष्णाची मूर्ति उभी राहते. आणि ती शिष्टाई फसली होती हेंहि त्याला ठाऊक असतें. ज्या भाषेंत मध्यस्थीचा आदर्शच एक फसलेला प्रयत्न आहे, त्या भाषेच्या वाचकांपुढें तंटा व वाटाघाट यांच्या नव्या शास्त्राची चर्चा करणें अनाठायीं होणार नाहीं असें आम्हांस वाटतें. हें शास्त्र गेल्या शंभर वर्षांत पश्चिमेकडे, विशेषेंकरून अमेरिकेंत, वाढीस लागलें. त्यांतील प्रमुख ग्रंथ आज आपल्याकडील व्यवस्थापनाच्या व कायद्याच्या विद्यालयांतून शिकविले जातात, त्यांचीं सूत्रें विद्यार्थी घोकतात. परंतु ग्रंथ म्हणून त्यांचें परीक्षण मराठींत फारसें आमच्या पाहण्यांत नाहीं. हें काम अर्थशास्त्रज्ञांचें, साहित्याच्या अध्यापकानें त्यांत पडूं नये, असा आक्षेप कोणी घेईल. पण या शास्त्राची इमारत बव्हंशीं गोष्टींवर उभी आहे. आणि गोष्ट धड आहे कीं लंगडी हें पाहण्याचा धंदा आम्ही तीस वर्षें करीत आलों आहों.

या वाङ्मयाचा आरंभ आम्ही मेरी पार्कर फॉलेट (१८६८–१९३३) या विदुषीपासून धरतों. बॉस्टन शहरांतील शाळागृहें संध्याकाळीं वस्तींतल्या लोकांसाठीं खुलीं करण्याच्या चळवळींत या बाईंचीं पुष्कळ वर्षें गेलीं. माणसें कशीं भांडतात व कशीं जुळवून घेतात हें त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. १९२५ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें त्यांनीं उद्योगधंद्यांतील अधिकाऱ्यांपुढें एक व्याख्यान दिलें, त्याचा विषयच 'विधायक संघर्ष' हा होता. घर्षण सर्वत्र वाईट नसतें, व्हायोलिनचा सूरहि घर्षणांतूनच निघतो, हा त्यांचा मुद्दा. तंटा तीन रीतींनीं मिटतो, असें त्या म्हणत. एकानें दुसऱ्यास दाबावें; किंवा दोघांनीं थोडें थोडें सोडावें; किंवा दोघांच्याहि मूळ इच्छा पुऱ्या होतील अशी तिसरीच वाट शोधावी. या तिसऱ्या रीतीस आपण समन्वय म्हणूं. तिच्यासाठीं बाईंनीं दिलेला दाखला प्रसिद्ध आहे. ग्रंथालयाच्या एका लहानशा खोलींत एकास खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. अखेर शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडण्यांत आली. त्याला हवी होती ती मोकळी हवा, आणि बाईंना नको होता तो थेट अंगावर येणारा उत्तरेचा वारा.

खिडकीची ही गोष्ट पुढें जगभर गेली. पण बाईंच्या विचाराचा गाभा तिच्यांत नाहीं. त्यांचें खरें म्हणणें असें कीं, दोन पक्ष समोरासमोर आले म्हणजे दोघेहि पूर्वीचे राहत नाहींत. मी तुम्हांस जें उत्तर देतों तें केवळ तुम्हांस नसतें. तुमच्या-माझ्या संबंधानें आधींच पालटलेल्या तुम्हांस तें असतें. म्हणून वाटाघाट म्हणजे तयार इच्छांची देवघेव नव्हे. इच्छाच तींत घडतात व मोडतात. हा विचार पेलण्यास कठीण, आणि खिडकीची गोष्ट सांगण्यास सोपी. वारसांनीं काय उचललें हें सांगावयास नकोच.

यानंतर सूत्रें गणित्यांच्या हातीं गेलीं. १९५० मध्यें जॉन नॅश या तरुण गणितज्ञानें वाटाघाटीचा प्रश्न समीकरणांत मांडला. १९६० मध्यें टॉमस शेलिंग यांचा 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' हा ग्रंथ निघाला. शेलिंग यांस २००५ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, परंतु आम्हांस ते अर्थशास्त्रज्ञापेक्षां निबंधकार म्हणून अधिक मोठे वाटतात. वाटाघाटींत बळ कशांत असतें? आपले स्वतःचे हात बांधून घेण्यांत, असें त्यांचें चमत्कारिक उत्तर आहे. ज्याला माघार घेतांच येत नाहीं त्याच्यापुढें दुसऱ्यास माघार घ्यावी लागते. मराठी वाचकास यांत फार नवें वाटणार नाहीं. सिंहगडावरील दोर कापल्याची परंपरागत गोष्ट त्यानें लहानपणींच ऐकलेली असते. मात्र तेथें दोर कापले ते स्वतःच्या पळणाऱ्या सैन्यासाठीं. शेलिंगसाहेब ते शत्रूला दाखविण्यासाठीं कापावयास सांगतात. सुईच्या अग्रावर मावेल एवढी मातीहि देणार नाहीं, अशी भर सभेंत गर्जना करणारा दुर्योधन हा शेलिंगमताचा कडवा अनुयायीच म्हणावयाचा. आणि या मतांतील धोकाहि त्याच्याच चरित्रांत दिसतो. हात बांधून घेतां येतात, पण प्रतिपक्षानेंहि तेंच केलें तर सोडवावयास कोणी उरत नाहीं.

१९६५ मध्यें वॉल्टन व मॅकर्सी या दोघा पंडितांनीं मजूर व मालक यांच्या वाटाघाटींवर एक जाडा ग्रंथ लिहिला. भाषा रुक्ष, वाक्यें लांबलचक. तरी या सर्व वाङ्मयांत वस्तुस्थितीला सर्वांत जवळ असा तोच आम्हांस वाटतो. वांटणीची वाटाघाट निराळी, समन्वयाची निराळी, परस्परांविषयींच्या भावना घडविण्याची निराळी, हें सांगून त्यांनीं चवथी एक वाटाघाट दाखविली आहे, ती म्हणजे आपल्याच गोटांतली. प्रतिपक्षाशीं बोलण्यापूर्वीं व बोलत असतांनाहि पुढाऱ्यास आपल्या माणसांशीं झगडावें लागतें. उद्योगपर्व या दृष्टीनें पुन्हां वाचावें. कृष्ण हस्तिनापुरास निघण्यापूर्वीं पांडवांच्या गोटांत केवढी खळबळ उडते! युधिष्ठिराला शम हवा आहे. जन्माचा तापट भीम अचानक मऊ बोलूं लागतो आणि कृष्णाला त्याला टोंचावें लागतें. शांत सहदेव युद्ध मागतो व सात्यकि त्याला दुजोरा देतो. आणि शेवटीं द्रौपदी आपले मोकळे केस हातीं धरून पुढें येते. कृष्ण निघतो तो हीं सारीं माणसें बरोबर घेऊन. सभेंतली त्याची भाषणें पाठ्यपुस्तकांत आलीं, पण शिष्टाईचें भवितव्य ठरलें तें या अलीकडच्या गोटांत.

आतां ज्या पुस्तकामुळें हें शास्त्र घरोघर पोंचलें त्याकडे वळूं. हार्वर्ड विद्यापीठांतील रॉजर फिशर व विल्यम यूरी यांनीं १९८१ मध्यें 'गेटिंग टु येस' हें छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याची शैली प्रसन्न आहे, उपदेश नेमका आहे, आणि आमच्या पिढींतील हजारों माणसांस त्याचा उपयोग झाला आहे, हें प्रथम मान्य करतों. माणसें वेगळीं ठेवा, प्रश्न वेगळा ठेवा. मागणीकडे पाहूं नका, मागणीच्या पोटांतील हिताकडे पाहा. उभयतांच्या फायद्याच्या वाटा शोधा. आणि निर्णय तटस्थ कसोटीवर घ्या. याला जोडून त्यांनीं एक मोलाची गोष्ट सांगितली: तडजोड न झाल्यास आपल्या हातीं कोणता उत्तम मार्ग उरतो हें आधीं ठरवा, कारण वाटाघाटींतलें खरें बळ तेंच. येथें खिडकी पुन्हां भेटते, आणि तिच्या जोडीला दोन बहिणींचें संत्रें. दोघींनीं भांडून संत्रें अर्धें अर्धें वांटलें. एकीनें गर खाऊन साल टाकली, दुसरीनें केकसाठीं साल ठेवून गर टाकला. विचारलें असतें तर एकीला सगळा गर व दुसरीला सगळी साल मिळती!

ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगितली तेव्हां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पण आधीं संत्रें कोणाच्या हातांत होतें?" वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, आणि तास संपला. घरीं येईपर्यंत मात्र हंसूं ओसरलें होतें. त्या मुलाच्या घरीं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी चालू होती, हें आम्हांस मागाहून कळलें. त्याचा प्रश्न साधा होता. गोष्टींतल्या बहिणी समान आहेत. दोघींचा संत्र्यावर हक्क आहे हें गोष्ट सुरू होण्याआधींच कबूल झालें आहे. जिचा हक्कच कबूल नाहीं अशी तिसरी कोणी दाराबाहेर उभी असेल तर तिनें गर हवा कीं साल हवी हें कोणाला सांगावें?

हा आक्षेप बालिश वाटूं नये म्हणून फिशर-यूरी यांचाच सर्वांत मोठा दाखला घेऊं. १९७८ च्या सप्टेंबरांत कँप डेव्हिड येथें तेरा दिवस खल होऊन ईजिप्त व इस्रायल यांचा सिनाईविषयींचा तंटा सुटला. ईजिप्तला सार्वभौमत्व हवें होतें, इस्रायलला सुरक्षितता. म्हणून सिनाई ईजिप्तला परत द्यावयाचें व तेथील मोठ्या भागांत सैन्याला मज्जाव करावयाचा, असें ठरलें. १९८२ मध्यें इस्रायलनें सिनाई सोडलें, व तो तह आजवर टिकला आहे. त्याचें श्रेय हिरावून घेण्याचें कारण नाहीं. पण त्याच ठिकाणीं पॅलेस्टिनी लोकांच्या भवितव्याविषयींहि एक करारनामा झाला, आणि ते लोक तेथें नव्हते. त्या दुसऱ्या करारनाम्याची गति काय झाली तें जगानें पाहिलें आहे.

या पुस्तकावर त्यांच्याच देशांत टीका झाली नाहीं असें नाहीं. जेम्स व्हाइट या कायदेपंडितानें १९८४ मध्येंच दाखविलें कीं, कित्येक तंट्यांत शेवटीं एकाला जितकें अधिक तितकें दुसऱ्याला उणें, हें गोड बोलून चुकत नाहीं. बुश व फोल्जर यांनीं १९९४ मध्यें मध्यस्थीचें ध्येयच बदलून परस्परांची 'मान्यता' हें ठेवलें. आणि स्वतः फिशर यांनीं शापिरो यांच्या साह्यानें २००५ मध्यें मानापमानादि भावनांवर वेगळें पुस्तक लिहिलें. हीं सर्व पावलें पुढचीं आहेत. पण मान्यता हें वाटाघाटीचें फळ आहे, खोलींत आलेल्या दोघांनीं एकमेकांस द्यावयाची देणगी आहे, असेंच हे ग्रंथकार धरून चालतात. आमचा मतभेद येथेंच आहे. पुष्कळ तंटे असे असतात कीं त्यांत आपण पक्ष आहों हें सिद्ध करणें हाच तंटा असतो. तेथें मागणी ही हितावरची साल नव्हे. मागणी हाच गर.

पांच गांवांची गोष्ट पाहा. अर्ध्या राज्याचा धनी युधिष्ठिर अखेर पांच गांवांवर येतो. हिताच्या हिशेबानें हें दुर्योधनाला स्वस्त होतें. आणि तरी तो नाकारतो तें मूर्खपणानें नव्हे. पांच गांवें देणें म्हणजे पांडव हे वांटेकरी आहेत हें कबूल करणें, आणि तेवढेंच त्याला नको आहे.

याहून अलीकडचा व अधिक बोलका दाखला १९१८ सालच्या अहमदाबादच्या गिरणी-तंट्याचा. प्लेगच्या दिवसांत कामगारांना मिळणारा बोनस मालकांनीं बंद केला. मजुरांच्या बाजूनें गांधीजींनीं ३५ टक्के वाढ ही रास्त मागणी ठरविली; मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, आणि मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. ३५ टक्के मिळाल्याविना कामावर जाणार नाहीं अशी शपथ मजुरांनीं घेतली. ते डळमळूं लागले तेव्हां, १५ मार्च रोजीं, गांधीजींनीं उपोषण आरंभिलें, आणि तीन दिवसांत तडजोड झाली. ती अशी: पहिल्या दिवशीं ३५ टक्के, दुसऱ्या दिवशीं २० टक्के, तिसऱ्या दिवसापासून पंचाचा निर्णय लागेपर्यंत साडेसत्तावीस टक्के. पंच आनंदशंकर ध्रुव यांनीं पुढें ३५ टक्केच दिले.

हिशेबी माणसाला या पहिल्या दोन दिवसांचें हसूं येईल. एका दिवसाच्या मजुरींतला तो फरक कोणाच्याहि संसाराला पुरला नसता. पण याच दोन दिवसांत सारें मर्म आहे असें आम्हांस वाटतें. पहिला दिवस मजुरांच्या शपथेचा, दुसरा मालकांच्या शब्दाचा. हे दोन दिवस दोघांच्या बोलण्याला किंमत आहे एवढें सांगण्यासाठीं काढून ठेवले, आणि मग तिसऱ्या दिवशीं पैशाची गोष्ट सुरू झाली. शेलिंगमतें दोघांनींहि हात बांधून घेतले होते. येथें ते सोडविण्याची युक्ति सांपडली. जोन बाँडुरंट या अमेरिकन विदुषीनें १९५८ च्या आपल्या ग्रंथांत सत्याग्रहाची संघर्षमीमांसा करतांना हा लढा अभ्यासिला आहे. परंतु वाटाघाटीच्या रूढ पाठ्यपुस्तकांत ३५-२० चे हे दोन दिवस आमच्या तरी नजरेस आले नाहींत. आपल्या उपोषणाचें दडपण मालकांवर आलें व तेवढ्यापुरता त्यांत दोष होता, ही कबुली गांधीजींनीं आत्मचरित्रांत दिली आहे, हेंहि येथें लक्षांत ठेवावें.

लक्षांत अशासाठीं ठेवावें कीं, चवदा वर्षांनीं येरवड्याच्या तुरुंगांत दुसरें उपोषण झालें. तो विषय महाराष्ट्रांत आजहि कोणी थंडपणें बोलत नाहीं, आणि तसें बोलण्याचें सोंग आम्हीहि आणणार नाहीं. १९३२ च्या ऑगस्टांत ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनीं जातीय निवाडा जाहीर केला. त्यांत अस्पृश्यवर्गास प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघाच्या ७१ जागा, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघांतहि मत दिलें होतें. २० सप्टेंबरास उपोषण सुरू झालें; २४ तारखेस पुण्याच्या करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा १४८ झाल्या, आणि प्रत्येक जागेसाठीं चार उमेदवार अस्पृश्य मतदारांनींच प्राथमिक निवडणुकींत निवडावे असें ठरलें.

'गेटिंग टु येस'च्या चष्म्यांतून पाहिल्यास हा करार समन्वयाचा उत्तम नमुना ठरेल. एकाचें हित समाज दुभंगूं नये हें, दुसऱ्याचें हित प्रतिनिधित्व मिळावें हें. एकाला संयुक्त मतदारसंघ मिळाला, दुसऱ्याला दुपटीहून अधिक जागा. गर एकीला, साल दुसरीला! मग १९४५ च्या आपल्या ग्रंथांत डॉ. आंबेडकर या करारावर इतक्या कठोरपणें कां तुटून पडले? गेलेल्या दुसऱ्या मताचें मोल वाढलेल्या जागांहून अधिक होतें, हा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि आम्हांस तो पटतो. आपला प्रतिनिधि आपणच निवडूं हें त्यांचें मागणें कुठल्याशा आंतल्या हितावरचें वेष्टन नव्हतें. आपण स्वतंत्र पक्ष आहों, कोणाच्या घरांतला प्रश्न नव्हे, हेंच त्यांना म्हणावयाचें होतें. आणि त्याच्या बदल्यांत कितीहि जागा दिल्या तरी त्या दुसऱ्याच वस्तूच्या जागा होत्या. गांधीजींचीहि मागणी तशीच होती. हा हिंदु समाजाच्या घरांतला प्रश्न आहे यावर त्यांनीं प्राण पणाला लावला, आणि त्या निष्ठेविषयीं आम्हांस शंका नाहीं. दोन गर होते, साल नव्हतीच.

आणि तडजोड न झाल्यास हातीं उरणारा उत्तम मार्ग? त्याचा विचार डॉ. आंबेडकरांनीं केला नव्हता असें कोण म्हणेल? उपोषणाच्या आदल्या दिवशींच काढलेल्या पत्रकांत त्यांनीं स्पष्ट बोलून दाखविलें कीं, याचा परिणाम देशभरच्या अस्पृश्यांवर दहशत बसण्यांत होईल. म्हणजे करार मोडल्यास त्याची किंमत पुण्यांत बसलेल्या वाटाघाटकर्त्यानें नव्हे, गांवोगांवच्या वेशीबाहेर विखुरलेल्या, या सगळ्याची वार्ताहि न पोंचलेल्या माणसांनीं द्यावयाची होती. शास्त्र पर्याय मोजतें तो टेबलाशीं बसलेल्याचा. दुबळ्याचा पर्याय टेबलापासून दूर, दुसऱ्यांच्या अंगावर असतो. उठून जाण्याचें स्वातंत्र्य दोघांनाहि आहे असें धरून रचलेलें शास्त्र येथें थिटें पडतें, आणि आम्हांस नवें प्रमेय हवें आहे तें नेमकें या जागीं. करार न्याय्य झाला कीं नाहीं हें विचारण्याआधीं, उठून जातां आलें असतें कां व गेल्यास कोणाला भोंवलें असतें, हें त्या शास्त्रानें विचारावें. आणि करार टिकला कीं नाहीं याची कसोटी सह्यांत नव्हे, दोन्ही पक्ष तेरा-चवदा वर्षांनीं त्याची गोष्ट कशी सांगतात यांत पाहावी. अहमदाबादच्या कराराची गोष्ट दोन्ही बाजूंना मान खालीं न घालतां सांगतां येते. पुण्याच्या कराराची नाहीं.

अशा शास्त्राची सामग्री आपल्याकडे नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. मराठेशाहींतील गोतसभांचे महजर राजवाड्यांच्या साधनखंडांतून व इतरत्र छापून पडले आहेत. त्यांत वादी-प्रतिवादींकडून निवाडा पाळण्याबद्दल आधींच राजीनामे व जामीन घेत; आज ज्या शब्दाचा अर्थ जागा सोडणें असा झाला आहे तो शब्द तेव्हां जागेवर बसण्याची कबुली होती. मग तकरिरा होत, साक्षी होत, निवाडा होई, आणि हरलेल्याकडून येजितखत लिहून घेत. आपण हरलों हें त्यानें गोताच्या देखत आपल्या नांवानें कबूल करावयाचें. त्या सभांचा गौरव करण्याचा आमचा हेतु नाहीं. कोणाला तेथें बसतां येई व कोणाला चावडीच्या बाहेर उभें राहावें लागे हें त्या कागदांतच लिहिलेलें आहे: कोणाची निशाणी नांगर, कोणाची तराजू, आणि पुष्कळांची कोणतीच नाहीं. इतिहासकारांनीं हे कागद वतनें व घराणीं शोधण्यासाठीं वाचले. तंट्याचें शास्त्र शिकणाऱ्या एखाद्या तरुणानें ते आतां निशाणी नसलेल्यांसाठीं वाचावेत.